घड्याळजींचं वेल्डिंग मशीन

माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांनी कामधंदा सुटल्यावर काही ना काही खूळ घेतलं. एकानं कुंड्यांत टोमॅटो लावले, दुसरा भल्या पहाटे पळायला लागला. आमच्या ह्यांनी खिडकी धरली. सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचं. हात मांड्यांखाली अशासाठी, की ते थरथरतात आणि ती थरथर त्यांना स्वतःलाच बघवत नाही.

हे घड्याळजी. सगळी गल्ली त्यांना ह्याच नावानं ओळखते आणि रागावले की मीसुद्धा हेच नाव घेते. उजव्या डोळ्यात भिंग, डावा डोळा गच्च मिटलेला आणि चिमट्यात केसाएवढा स्क्रू, असं ह्यांचं अख्खं आयुष्य गेलं. मग हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. ह्यांनी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढलं, हत्यारांची पेटी कपाटाच्या तळाशी ठेवली आणि त्यानंतर घरातला साधा बल्बसुद्धा बदलला नाही. मीच स्टुलावर चढायचे.

मी कपडे दुरुस्त करते. पँटची उंची कमी कर, चेन बदल, बारीक झालेल्यांचं आत घे, जाड झालेल्यांचं सोड. आतल्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. पूर्वी त्याचा आवाज जरा बदलला की हे बाहेरच्या खोलीतून हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर व्हायचे. “तुझं मशीन कण्हतंय,” असं म्हणायचे आणि मला खुर्चीतून उठवायचे. आता ते कण्हायला लागलं की हे उठून गॅलरीत जायचे. शेवटी मी ह्यांच्या पाठीमागे बाहेरचा कारागीर बोलावून ते दुरुस्त करून घेतलं. सवतीला घरात घ्यावं तसं चोरून केलं ते आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घराला लागून असलेल्या शेडमध्ये आमची जुनी गाडी उभी होती. दुकानातून मोकळा झालो की हिला नवी करणार, हे मी लग्नापासून ऐकत आले होते. गाडी चालू होत होती, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून असा कुजला होता की गालिचा उचलला की खालची फरशी दिसायची. गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं आणि गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होईल म्हणून सरळ भंगारात घालायला सांगितलं. हे “बरं” म्हणाले. ह्या माणसानं कधी भंगारातलं गजराचं घड्याळसुद्धा टाकू दिलं नव्हतं.

मी धाकट्या दिरांना फोन केला. भाऊजी लोखंडी गेट बनवतात. आवाजही गेटसारखाच आहे.

“वहिनी, एवढंच ना? मी रविवारी मशीन घेऊन येतो. जेवणाआधी मोकळा.”

“तुम्ही करू नका. वेल्डिंगचं मशीन घ्यायला माझ्याबरोबर चला.”

“कोणासाठी?”

“दादांसाठी.”

मग भाऊजी हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, त्यांच्या हाताचं माहीत आहे ना तुम्हाला?”

माहीत होतं. म्हणून तर जीव टांगणीला लागला होता. “तुम्ही केलंत तर गाडी होईल,” मी म्हटलं, “पण ते तसेच खिडकीत बसून राहतील.” आणि ह्यांना नाहीच जमलं तर? तर हा माणूस जन्मात पुन्हा हत्याराला हात लावणार नव्हता. आणि त्यांना तिथवर ढकलणारी मीच असणार होते. हे मात्र मी भाऊजींना बोलले नाही.

निघण्याआधी मी गाडीच्या कुजक्या पत्र्याचा एक तुकडा जुन्या कात्रीनं कापून घेतला, कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. दोरा आणायला जाताना मी कायम कापडाचा तुकडा बरोबर नेते. नुसतं निळा सांगितलं की दुकानदार वाटेल तो निळा गळ्यात मारतो.

मशीनच्या दुकानात कानावर पेन खोचलेला एक सुस्त माणूस बसला होता. त्यानं भाऊजींकडे बघून विचारलं, “काय बनवायचंय?”

“मला विचारा,” मी म्हटलं. “पैसे माझ्या पर्समध्ये आहेत.” आणि पुडी सोडून तुकडा टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“नमुना. ह्याला ठिगळ लावायचंय.”

तो जरासा जागा झाला. तुकडा उचलून त्यानं कडेनं नखानं चाचपला. तोवर भाऊजी एका भल्यामोठ्या मशीनजवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. “वहिनी, ही घ्या. काडीची मशीन. माझ्याकडे हीच आहे. आयुष्यभर जाईल.”

“आपलं कितीसं उरलंय, भाऊजी?” मी म्हटलं. “आणि आधी माझ्या नमुन्यावर चालवून दाखवा.”

दुकानामागे एक अंगण होतं. तिथे लोखंडी टेबल आणि तुटक्या पत्र्यांचा ढीग होता. दुकानदारानं माझ्या तुकड्याच्या जाडीचा चांगला पत्रा शोधून दिला, मला काळ्या काचेचं हेल्मेट घातलं आणि मोठं मशीन चालू केलं. भाऊजींनी चिमट्यात हातभर लांब काडी धरली, पत्र्याला टेकवली, भगभगाट झाला आणि पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. करंट कमी करून त्यांनी पुन्हा टेकवली. पुन्हा भोक.

“मी जाड लोखंडावर काम करतो,” भाऊजी हेल्मेट वर करत म्हणाले. “हा पत्रा कसला, पापुद्रा आहे.”

मी मात्र भोकाकडे नाही, काडीकडे बघत होते. भाऊजींचा हात दगडासारखा स्थिर आहे. तरी त्या काडीचं टोक हलत होतं. ह्यांच्या हातात ती लांब काडी दिली असती तर टोक कुठल्या कुठे नाचलं असतं. ते मशीन सगळ्यात स्वस्त होतं आणि त्या क्षणी माझ्या मनातून उतरलं.

दुसरं मशीन तारेचं होतं. त्यात तारेचं रीळ बसवलेलं असतं. गनचा घोडा दाबला की तार आपोआप पुढे येते आणि वितळून चिकटते. हे मला पटकन कळलं, कारण माझ्याही मशीनला रीळ आहे. पण ते बिनगॅसचं होतं, तापलेल्या कढईत पाणी पडल्यासारखं चहूकडे तडतडत होतं आणि पत्र्याची कड खाऊन टाकत होतं. तिसरंही तारेचंच, पण त्याला शेजारी गॅसची छोटी टाकी जोडलेली. आकारानं माझ्या शिलाई मशीनच्या खोक्याएवढं.

“घरच्या प्लगवर चालेल?” मी विचारलं. “नाहीतर हे सुरू केलं की गल्लीतले दिवे जायचे.”

“साध्या प्लगवर चालतं. फक्त त्याच वेळी गीझर लावू नका.”

“मला द्या.”

मी गन दोन्ही हातांत धरली, मनगट टेबलावर टेकवलं आणि घोडा दाबला. काचेआड एक हिरवट ठिणगी उभी राहिली. मी ती शिवण घालावी तशी पुढे ओढत न्यायला लागले, तर दुकानदारानं माझ्या खांद्यावर थापटलं.

“लांब ओढू नका, बाई. पातळ पत्रा तापला की वाकडा होतो. एक ठिपका मारा आणि थांबा. दुसरा लांब, तिसरा ह्या टोकाला. मग मधल्या जागा भरत जा.”

म्हणजे कच्चे टाके. नवीन कापड सरकू नये म्हणून मी आधी लांब लांब टाके घालून घेते, तसंच हे. आणि मला एकदम हलकं वाटलं. लांब रेघ ओढायची नसेल, एका वेळी एकच ठिपका असेल, मनगट टेकवता येत असेल आणि तार स्वतःहून पुढे येत असेल, तर थरथरणाऱ्या हातालाही हे जमण्यासारखं होतं. फक्त एका ठिपक्यापुरता हात ठरायला हवा होता.

“हे घेते,” मी म्हटलं. काडीच्या मशीनपेक्षा ते बरंच महाग होतं. पण ज्या मशीननं माझं काम होणार नाही ते स्वस्त कसलं? त्यातही खोक्यावर ओरखडे पडलेलं, कुणीतरी घेऊन परत केलेलं एक कोपऱ्यात होतं. त्याची हमी लेखी घेतली, हेल्मेट आणि हातमोजे त्याच किमतीत बसवून घेतले. दुकानदाराची झोप तेव्हा पूर्ण उडाली.

घरी आल्यावर ह्यांनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.”

“मग आता काय वेगळं म्हणणार आहे?”

मी वाद घातला नाही. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या कापलेल्या जीन्सच्या पायांची गोणी भरलेली असते. ते तुकडे जोडून मी एक जाडजूड अॅप्रन शिवला. प्रत्येक तुकड्याचा दोरा आधी काडेपेटीच्या काडीनं पेटवून बघितला. नायलॉन असेल तर दोऱ्याची वितळून गोळी होते आणि तसं कापड मला ठिणग्यांपुढे नको होतं. मग शेडमध्ये गेले, गाडीतली सीट आणि गालिचा भाऊजींकडून काढून घेतला, बॅटरीची वायर सोडवली, पाण्याची बादली भरून ठेवली, अॅप्रन स्वतःच घातला आणि मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा सरावाच्या पत्र्याला लावला.

शेडच्या दारात सावली पडली.

“रंगावर लावलास तो,” हे म्हणाले.

“काय?”

“चिमटा. रंगातून वीज जाणार कशी? आधी घासून चकचकीत कर.”

“मला कुठे कळतंय ह्यातलं?” मी म्हटलं. चुकीचं काम उघड्या डोळ्यांनी बघत बसणं ह्या माणसाच्या रक्तातच नाही. माझा त्यावरच भरवसा होता. ह्यांनी खिशातून हात काढले, फळीवरचा सँडपेपर घेतला आणि पत्रा इतका घासला की त्यात तोंड दिसावं. मग अॅप्रनसाठी हात पुढे केला.

पण पुढचं काही मी ठरवलं तसं झालं नाही. मी भाऊजींचं जुनं हेल्मेट घालून शेजारी उभी राहिले. ह्यांनी मनगट टेकवलं, श्वास रोखला आणि घोडा दाबला. फट्ट करून तार पत्र्यावर आपटून वाकडी झाली. दुसऱ्या वेळी गन इतकी लांब राहिली की नुसत्याच ठिणग्या उडाल्या. तिसऱ्या वेळी जोडाच्या बाजूला, भलत्याच जागी गोळा चिकटला. मग भोक. मग पुन्हा फट्ट. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. एकही ठिपका जागेवर बसला नाही.

ह्यांनी हेल्मेट काढलं. कपाळ घामानं भिजलं होतं आणि डाव्या डोळ्याभोवती सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या होत्या. मोजा काढून ह्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती.

“बघितलंस?” हे म्हणाले. “आता तरी पटलं?”

रागावले असते तर बरं झालं असतं. पण आवाज अगदी शांत होता. अॅप्रनची नीट घडी घालून ती मशीनवर ठेवली आणि ते आत जाऊन खिडकीत बसले. मी तिथेच बादलीवर बसले. नको तिथे नाक खुपसून मी त्यांची उरलीसुरली आशाही घालवली होती आणि आता कुठल्या तोंडानं आत जावं ते कळत नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. चहा, मीठ, टॉवेल. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मशीन परत घेतात का ते विचारून ठेवा.

मग एका दुपारी मी लोकरीच्या कोटाचं अस्तर उसवत होते. एक तूस उडालं आणि डोळ्यात गेलं. डोळा झोंबायला लागला. पण गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती, म्हणून मी तो डोळा मिटून तशीच सुईत दोरा ओवायला बसले. दोरा सुईच्या अलीकडून गेला. पुन्हा ओवला, पलीकडून गेला. ज्या सुईत मी बोलता बोलता दोरा ओवते, ती सुई मला वाकुल्या दाखवत होती. मी चिडून हातांकडे बघितलं. माझे हात काही थरथरत नव्हते.

मी डोळा पुसला, दोन्ही डोळे उघडले आणि दोरा पहिल्या झटक्यात आत गेला.

मला ह्यांच्या डाव्या डोळ्याभोवतीच्या त्या सुरकुत्या दिसत होत्या.

कोट टाकून मी बाहेरच्या खोलीत गेले आणि ह्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून करंगळी पुढे केली. “माझ्या बोटाच्या टोकाला तुमच्या बोटाचं टोक लावा.”

“हे काय खूळ आता?”

“लावा म्हणते ना. आधी डावा डोळा मिटून. दुकानात मिटायचात तसा.”

ह्यांनी कंटाळून हात वर केला. बोट माझ्या करंगळीच्या अलीकडेच थांबलं आणि हवेतच टेकलं. पुन्हा केलं, तर बाजूनं निघून गेलं.

“आता दोन्ही डोळे उघडे ठेवा.”

बोट थरथरत आलं. पण आलं ते बरोबर टोकावर. तिथे टेकल्यावर थरथरही कमी झाली.

“वेल्डिंग करताना हेल्मेटच्या आत तुम्ही डावा डोळा मिटता,” मी म्हटलं. “हो की नाही?”

“मला नाही माहीत,” ते सावकाश म्हणाले. “मिटत असेन. बारीक काम समोर आलं की तो आपोआप मिटतो.”

“दुकानात काम भिंगाखाली, चिमट्याच्या टोकाला असायचं. तिथे चालायचं. इथे गन पत्र्यापासून किती लांब आहे ते एका डोळ्यानं कळतच नाही. मघाशी एक डोळा मिटून मला सुईसुद्धा ओवता आली नाही. अहो, तुमचा हात नाही चुकत. तुमचा डोळा चुकतोय.”

ह्यांनी स्वतःचा हात उलटा सुलटा करून बघितला. आळ आलेल्या आणि मग निर्दोष सुटलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मला रडू येत होतं, म्हणून मी खेकसले. “उठा आता. गिऱ्हाईक यायच्या आत एकदा करून बघू.”

डोळा इतक्या वर्षांचा मुरलेला, तो काय एका दिवसात ऐकणार? पहिले दोन ठिपके पुन्हा हुकले. मग मी शेजारी उभी राहून प्रत्येक ठिपक्याआधी ओरडायला लागले.

“दोन्ही?”

हेल्मेटच्या आतून घुमलेला आवाज यायचा, “दोन्ही.” मग ठिणगी.

तिसरा ठिपका जोडावर बसला. जाडाभरडा, नवशिक्या पोरीनं लावलेल्या बटणासारखा, पण जागेवर. ह्यांनी तो गार होऊ दिला, मग पक्कड लावून दोन्ही पत्रे ओढून बघितले. ठिपका सुटला नाही. हे पुढचा ठिपका लावायला वाकले आणि माझ्या प्रश्नाची वाटही न बघता आतून म्हणाले, “दोन्ही.”

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर गिऱ्हाईक कोटासाठी हाका मारत होतं. मी त्याला मारू दिल्या.

सराव झाल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लागला. कुजका भाग कापणं, ठिगळ बेतणं, कडा जुळवणं, ह्यात तर ह्यांचा हात कोण धरणार? ठिगळाचा कागदी नमुना मात्र मी कापून दिला, कारण गोलाईला माया किती सोडायची ते मलाच कळतं. रोज सकाळी शेडमधून “दोन्ही?” “दोन्ही” ऐकून शेजारीण एकदा कुंपणावरून डोकावली. तिला वाटलं, आमचं भांडण चाललंय.

काम पुरं झालं तेव्हा भाऊजी हातोडा घेऊन आले. गाडीखाली सरपटत गेले आणि जोडावर दणादण घाव घातले. मी शेडच्या खांबाला घट्ट धरून उभी होते. हे हात पाठीमागे घेऊन उभे होते, गॅरेजवाल्यापुढे उभे होते तसेच.

गाडीखालून आवाज आला. “दादा, दिसायला एकदम भिकार आहे.”

“आणि?”

“आणि जागचं हलत नाही.” भाऊजी बाहेर आले, कपाळावरचा गंज पुसला आणि हातोडा ह्यांच्या हातात दिला. “माझ्या गेटांना एक मदतनीस हवाय. पण गेटवर असं भिकार काम चालत नाही हं.”

हे हसले. हुश्श करून मी मनापासून श्वास घेतला. गाडीचं काय, ती चालली असती नाहीतर भंगारात गेली असती. मला फक्त हे हसलेले बघायचे होते.

त्यानंतर काही दिवसांनी मी आतल्या खोलीत एका पडद्याला जाड शिवण घालत होते. मशीन खडखडत होतं, मी कानाडोळा करत होते. तेवढ्यात मागे चाहूल लागली. हे दारात उभे होते, हातात कपाटाच्या तळाशी ठेवलेली पेटी.

“कोणाला दाखवलं होतंस हे मशीन?”

चोरी पकडली गेल्यासारखी मी पडद्याचे दोरे तोडायला लागले.

“ज्यानं केलं त्यानं वरचा स्क्रू ढिला ठेवलाय. ऊठ.”

मी उठले. ह्यांनी खुर्ची ओढली, मनगट मशीनच्या अंगावर टेकवलं आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर पुढे नेला. टोक थरथरत होतं. डावा डोळा मिटायला लागलेला मला बाजूनं दिसला.

“दोन्ही?” मी विचारलं.

डोळा उघडला. टोक खाचेत बसलं.

“दोन्ही,” हे म्हणाले आणि स्क्रू आवळला.